अरुंद पेल्व्हिस आणि पुढच्या भिंतीवरची गाठ: रोबोट, दुर्बीण की खालून? ठाण्यातलं एक प्रकरण

हे प्रकरण मलाशयाच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाच्या, कर्करोगाचं आहे. मलाशय ज्या पेल्व्हिसमध्ये (कमरेच्या हाडांच्या पोकळीत) असतं ती अरुंद असली तर शस्त्रक्रिया कशी करायची, हा त्यातला प्रश्न. ते कुणा एका माणसाचं नाही. ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात वारंवार समोर येणारी परिस्थिती नमुन्यादाखल जुळवून मांडली आहे. आकडे एकमेकांशी सुसंगत ठेवले आहेत आणि निर्णय जसे घेतले जातात त्याच क्रमाने दिले आहेत.

रुग्ण ५६ वर्षांचे, राहायला कळव्यात, काम वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर. उंची १६४ सेंमी, वजन ८३ किलो, पोट सुटलेलं. आठ वर्षांपासून मधुमेह, रक्तदाबाचीही गोळी चालू. सात महिने शौचातून रक्त जात होतं. मूळव्याध समजून चूर्ण झालं, मलम झालं, गरम पाण्याच्या टबात बसणंही झालं. शेवटच्या दोन महिन्यांत दिवसातून सात-आठ वेळा जावं लागे, तरी पोट साफ झाल्यासारखं वाटत नसे. एवढ्या काळात बोटाने तपासणी एकदाही झालेली नव्हती. ती झाली तेव्हा मलाशयाच्या पुढच्या भिंतीवर, घड्याळाच्या ११ ते ३ या भागात, खडबडीत आणि कडक गाठ लगेच हाताला लागली. पन्नाशीपुढच्या माणसाला रक्त जात असेल तर मूळव्याध डोळ्यांनी दिसत असली तरी बोटाने तपासणी आणि दुर्बिणीतून तपासणी टाळायची नाही. या रुग्णाचे सात महिने तिथेच गेले.

कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, पूर्ण झाली, दुसरी गाठ नव्हती. बायोप्सीत ग्रंथींच्या पेशींचा कर्करोग, मध्यम दर्जाचा अॅडिनोकार्सिनोमा निघाला. रक्तातला सीईए हा कर्करोगाची खूण दाखवणारा घटक ८.४. छाती आणि पोटाच्या सीटीत यकृत आणि फुप्फुसं स्वच्छ होती. बायोप्सीच्याच तुकड्यावर मिसमॅच रिपेअरची, म्हणजे डीएनएमधल्या चुका दुरुस्त करणारी, चारही प्रथिनं तपासून घेतली, ती शाबूत होती. ही तपासणी सुरुवातीलाच करायची, कारण त्यात कमतरता निघाली तर सगळा रस्ताच बदलतो. अशा १२ रुग्णांच्या गाठी नुसत्या डोस्टारलिमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाने पूर्ण विरघळल्याचं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. तिथे शस्त्रक्रियेची घाई करणं हा रुग्णावर अन्याय ठरेल.

एमआरआयमधून काय वाचायचं

पहिल्या अहवालात एकच ओळ होती: मलाशयात गाठ, टी३ एन१ (गाठ भिंतीबाहेरच्या चरबीत, जवळच्या थोड्या लिम्फ गाठींतही रोग). शस्त्रक्रियेची पद्धत ठरवायला एवढं पुरत नाही. ३ मिमी जाडीचे टी२ काप, त्यातही गाठीच्या अक्षाला काटकोनात घेतलेले तिरके काप, पुन्हा मागवले आणि रेडिओलॉजिस्टसोबत बसून आकडे काढले. गाठीचं खालचं टोक गुदद्वाराच्या कडेपासून ६२ मिमीवर आणि स्फिंक्टरच्या (गुदद्वार आवळून धरणाऱ्या स्नायूच्या) वरच्या कडेपासून ३१ मिमी वर होतं. लांबी ४४ मिमी. स्नायूच्या थरापलीकडे चरबीत शिरकाव ७ मिमी, म्हणजे टी३सी. मेसोरेक्टममध्ये, म्हणजे मलाशयाभोवतीच्या चरबीच्या वेष्टनात, तीन संशयास्पद लिम्फ गाठी होत्या, पेल्व्हिसच्या बाजूच्या भिंतीवर मात्र एकही नव्हती. रक्तवाहिन्यांत शिरकाव नव्हता. महत्त्वाचा आकडा पुढच्या बाजूचा: मेसोरेक्टमच्या आवरणापासून अंतर ०.८ मिमी. १ मिमी किंवा त्याहून कमी असेल तर कड धोक्यात आहे, म्हणजे कापलेल्या कडेशी रोग उरू शकतो, असं धरतात.

आणखी दोन मोजमापं घेतली. ती अहवालात आपोआप येत नाहीत, मागावी लागतात. दोन्ही इशियल स्पाइनमधलं (पेल्व्हिसच्या दोन बाजूंच्या हाडांच्या टोकांमधलं) अंतर ८८ मिमी, म्हणजे पेल्व्हिस अरुंद. प्रोस्टेट ४६ मिलीचं, म्हणजे वाढलेलं. सेक्रमचा (पाठीच्या कण्याच्या तळाच्या हाडाचा) बाकही खोल होता. पुरुष, लठ्ठ, अरुंद पेल्व्हिस, मोठं प्रोस्टेट, गाठ पुढच्या भिंतीवर आणि खाली: अवघड करणारी प्रत्येक गोष्ट एकाच माणसात जमली होती.

आधी रेडिएशन, मग केमो

कड धोक्यात असताना थेट शस्त्रक्रिया करायची नाही, यावर ट्यूमर बोर्डात (वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या बैठकीत) मतभेद नव्हता. चर्चा झाली ती पाच दिवसांचं छोटं रेडिएशन द्यायचं की साडेपाच आठवड्यांचं लांब, यावर. रापिडो चाचणीत छोटं रेडिएशन आणि नंतर पूर्ण केमो घेतलेल्या गटात पाच वर्षांनी पेल्व्हिसमध्येच रोग उलटण्याचं प्रमाण १० टक्के होतं, जुन्या पद्धतीच्या गटात ६. पुढची कड आधीच ०.८ मिमीवर असल्याने लांब कोर्स ठरला: २८ बैठकांत ५०.४ ग्रे आणि रेडिएशनच्या दिवशी केमोची गोळी कॅपेसिटाबिन, दर चौरस मीटरला ८२५ मिग्रॅ, दोन वेळा. त्यानंतर कॅपॉक्स या केमोची (कॅपेसिटाबिन आणि ऑक्सालिप्लॅटिन) चार चक्रं.

रेडिएशन नवी मुंबईत होतं. कळव्याहून ठाणं, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल, सोमवार ते शुक्रवार. तिसऱ्या आठवड्यापासून जुलाब सुरू झाले तेव्हा हा प्रवासच भारी पडायला लागला. गाडीत शौचालय नसतं, त्यामुळे माणूस सकाळी खायचंच टाळतो आणि वजन घसरतं. यांचं चार किलो उतरलं. बैठकीची वेळ गर्दी ओसरल्यानंतरची, साडेअकराची, मागून घेतली, निघण्याआधी जुलाब रोखणारी लोपेरामाइडची गोळी आणि डब्यात मऊ भात सुरू केला, तेव्हा गाडी रुळावर आली. बैठका चुकल्या नाहीत. मध्ये खंड पडला तर रेडिएशनचा परिणाम उणावतो.

चार चक्रांनंतर पुन्हा एमआरआय आणि दुर्बीण. गाठ बरीच आक्रसली होती, पुढचं अंतर ३ मिमीपर्यंत गेलं होतं. पण १५ मिमीचा व्रण शिल्लक होता आणि बोटाला कडा कडक लागत होत्या. पूर्ण प्रतिसाद मिळाला असता तर शस्त्रक्रिया न करता तीन-तीन महिन्यांनी नजर ठेवण्याचा पर्याय खराच होता, आणि तो रुग्णापुढे मांडायलाही हवा. इथे तो लागू नव्हता.

चार वाटा, एकच पेल्व्हिस

कुठलीही वाट घेतली तरी करायचं काम एकच: मेसोरेक्टम त्याच्या आवरणासकट, अखंड काढणं. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकचे सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये हे तत्त्व मांडलं आणि आजही त्याला पर्याय नाही. पद्धतींची तुलना करताना प्रश्न एवढाच असतो की या माणसाच्या पेल्व्हिसमध्ये शेवटच्या पाच-सहा सेंटिमीटरमध्ये त्या थराला चिकटून राहायला कोणती पद्धत जास्त मदत करेल.

पोट उघडून करायची शस्त्रक्रिया कधीच बाद होत नाही. हाताला स्पर्श कळतो, रक्तस्राव झाला तर दाबून धरता येतो. पण ८८ मिमीच्या पेल्व्हिसमध्ये सर्जनचा हात, रिट्रॅक्टर आणि उजेड एकदम मावत नाहीत. प्रोस्टेटच्या मागे जे करायचं ते बहुतेक अंदाजाने होतं.

साध्या दुर्बिणीत (लॅपरोस्कोपीत) दिसतं छान, पण हत्यारं सरळ दांड्याची. सेक्रमच्या बाकात आणि प्रोस्टेटखाली ती कोनात वळत नाहीत. २०१५ मध्ये आलेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, अमेरिका-कॅनडातली ४८६ रुग्णांची आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधली ४७५ रुग्णांची, दुर्बीण ही उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा कमी पडत नाही हे नमुन्याच्या दर्जावरून सिद्ध करता आलं नाही. याउलट मुख्यतः युरोपातल्या कलर-२ चाचणीत तीन वर्षांनंतरचे निकाल दोन्हीकडे सारखेच आले. म्हणजे दुर्बीण वाईट नाही. अवघड पेल्व्हिसमध्ये तिची सगळी मदार हातावर राहते.

गुदद्वारातून वर जाणारी पद्धत, म्हणजे टाटीएमई, याच अडचणीवर उपाय म्हणून आली. खालची कड डोळ्यांसमोर आखता येते, आतडं कापून शिवणाऱ्या स्टेपलरची कटकट वाचते. धोके मात्र वेगळे: थर चुकला तर पुरुषांत मूत्रमार्गालाच इजा होते, गॅस शिरेत शिरून एम्बोलिझम (रक्तप्रवाह अडवणारा बुडबुडा) होऊ शकतो, आणि आतून मारलेला दोऱ्याचा गोल टाका सैल पडला तर कर्करोगाच्या पेशी पेल्व्हिसमध्ये पसरतात. नॉर्वेत १५७ रुग्णांपैकी १२ जणांचा रोग पेल्व्हिसमध्ये उलटला, तोही लवकर आणि अनेक ठिकाणी. तिथे ही पद्धत थांबवली गेली. सातत्याने करणाऱ्या मोजक्या केंद्रांत टाटीएमईचे निकाल चांगले आहेत. वर्षाला दोन-तीन केस करणाऱ्या टीमने ती अशा रुग्णावर करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. इथल्या टीमने म्हणूनच ती बाजूला ठेवली.

उरला रोबोट. मनगटासारखी वळणारी हत्यारं, त्रिमितीय मोठं चित्र, थरथर गाळून देणारी यंत्रणा, आणि सर्जनच्याच ताब्यातला तिसरा हात, जो न थकता ओढून धरतो. पुरावा काय सांगतो? २०१७ च्या रोलार चाचणीत ४७१ रुग्ण होते. मध्येच पोट उघडावं लागण्याचं प्रमाण दुर्बिणीत १२.२ टक्के, रोबोटमध्ये ८.१. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. पुरुषांपुरतं पाहिलं तर रोबोटच्या बाजूने कल दिसला. नंतर चीनमधल्या रिअल चाचणीत, ज्यात मधल्या आणि खालच्या मलाशयाच्या गाठी होत्या, कडेला रोग सापडण्याचं प्रमाण रोबोटमध्ये ४.० टक्के आणि दुर्बिणीत ७.२ निघालं. तीन वर्षांनी पेल्व्हिसमध्ये रोग उलटण्याचं प्रमाण १.६ विरुद्ध ४.०. तिथले सर्जन दोन्ही पद्धतींत मुरलेले होते, हे विसरून हा आकडा जाहिरातीत वापरू नये. गाठ वर, १२ सेंमीवर असती आणि पेल्व्हिस ऐसपैस असती, तर याच रुग्णाला साधी दुर्बीण सुचवली असती.

समुपदेशनाच्या वेळी पत्नीने विचारलं, “डॉक्टर, म्हणजे मशीन ऑपरेशन करणार का? तुम्ही नसणार?” हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. उत्तर सरळ द्यायचं: “वहिनी, मशीन स्वतःहून काहीच करत नाही. हात माझेच, फक्त ते आत जाईपर्यंत लहान होतात. आणि पोटावरची पिशवी रोबोट असला तरी काही महिने लागणारच.” रोबोट म्हटलं की पिशवी लागत नाही, जखम नसते, दुसऱ्या दिवशी घरी, असं ऐकून आलेली माणसं नंतर फार दुखावतात.

विम्याचं आधीच पाहायचं. आयआरडीएआय या विमा नियामकाच्या नियमांनुसार रोबोटिक शस्त्रक्रिया विम्यातून वगळता येत नाही, पण कंपनी तिला उपमर्यादा घालू शकते. पाच लाखांची पॉलिसी असली तरी रोबोटिकसाठी त्यातला काही भागच मिळेल असं कलम असू शकतं. टीपीएकडून (विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीकडून) ते लेखी मागवा, तोंडी भरवशावर तारीख घेऊ नका.

शस्त्रक्रिया, पायरीपायरीने

शेवटच्या केमोनंतर पाच आठवड्यांनी तारीख दिली. आदल्या दिवशी पोट साफ करण्याचं औषध आणि सोबत तोंडावाटे अँटिबायोटिक. नुसता जुलाब देऊन भागत नाही, दोन्ही एकत्र दिले तर जंतुसंसर्ग कमी होतो. स्टोमाची, म्हणजे पिशवीसाठी पोटावर काढायच्या आतड्याच्या तोंडाची, जागा आदल्या संध्याकाळी, उभं करून, बसवून आणि वाकवून, कायम शाईने खूण केली. आडवं झोपवून केलेली खूण सुटलेल्या पोटात नेमकी घडीत जाते आणि पिशवी गळत राहते.

टेबलावर पाय आधारात, डोकं २५ अंश खाली, उजवी कूस १२ अंश खाली. ८३ किलोचं शरीर या उतारावर सरकतं, म्हणून पाठीखाली न घसरणारा फोम. खांद्यांना आधार लावायचे नाहीत, त्याने हाताच्या नसांवर दाब येतो. ड्रेपिंगआधी दोन मिनिटं पूर्ण उताराची चाचणी घेतली. शरीर सरकलं तर पोर्टच्या (हत्यारं आत नेण्याच्या नळ्यांच्या) जागी पोटाची भिंत फाटते.

दा विंची एक्सआय हा रोबोट वापरला. त्याची गाडी रुग्णाच्या डाव्या बाजूने. चार पोर्ट उजव्या कटिहाडाच्या टोकाकडून डाव्या बरगडीखाली जाणाऱ्या तिरक्या रेषेत, प्रत्येकी ७ ते ८ सेंमी अंतरावर. तीन ८ मिमीचे, उजवीकडचा खालचा १२ मिमीचा, कारण स्टेपलर तिथूनच जाणार. मदतनीसाचा पोर्ट उजव्या बरगडीखाली, जवळच्या रोबोटिक पोर्टपासून किमान ७ सेंमी लांब. अंतर गॅस भरल्यानंतर मोजायचं, आधी मोजलं तर पोट फुगल्यावर सगळं बिघडतं. गॅसचा दाब १२ मिमी पारा. एसएसआय मंत्रा किंवा ह्यूगोसारख्या यंत्रांत प्रत्येक हाताची गाडी वेगळी असते. तिथे ही रेषा जशीच्या तशी उतरवली तर हात एकमेकांवर आपटतात.

इन्फिरियर मेसेंटेरिक धमनी (आतड्याच्या या भागाला रक्त पुरवणारी) महाधमनीपासून दीड सेंमी सोडून बांधली, तिच्या मुळाशी गुंडाळलेल्या नसा वाचवण्यासाठी. त्याच नावाची शीर स्वादुपिंडाच्या खालच्या कडेला बांधली, आणि मोठ्या आतड्याचं प्लीहेजवळचं वळण पूर्ण मोकळं केलं. वळणाशी रोबोटचे हात दोनदा आपटले. बूम (रोबोटचे हात पेलणारा दांडा) फिरवून पुन्हा लक्ष्य साधण्यात ११ मिनिटं गेली. वेळ जातो म्हणून हे वळण अर्धवट सोडायचा मोह होतो. त्यातून ताणलेला जोड तयार होतो, आणि ताणलेला जोड गळतो.

पेल्व्हिसमध्ये आधी मागची बाजू. सेक्रल प्रोमोंटरीखाली (सेक्रमच्या वरच्या कडेखाली) कापसासारखा विरळ थर लागला, दोन्ही हायपोगॅस्ट्रिक नसा (मूत्राशय आणि लैंगिक कार्याच्या) पिवळसर दोऱ्यांसारख्या बाजूला राहिल्या. तिसऱ्या-चौथ्या सेक्रल मणक्याशी रेक्टोसेक्रल आवरण कापून पुढे गेल्यावरच तळ दिसतो. हे आवरण न कापता नुसतं ढकललं तर सेक्रमच्या शिरा फाटतात, आणि तो रक्तस्राव करंट देऊन थांबत नाही, उलट भोक मोठं होतं. तसं झालंच तर गॉज दाबून धरायचा, दाब १५ पर्यंत वाढवायचा, भूलतज्ज्ञाला सांगायचं आणि थांबायचं. इथे ती वेळ आली नाही.

मग बाजू, आणि शेवटी पुढची बाजू. गाठ पुढच्या भिंतीवर असल्याने थर डेनॉनव्हिलिए आवरणाच्या (मलाशय आणि प्रोस्टेट यांच्यामधल्या पातळ पडद्याच्या) पुढून घेतला, सेमिनल व्हेसिकल (वीर्याची पिशवी) उघडी दिसेपर्यंत. डावीकडे, २ वाजण्याच्या दिशेला, अडचण आली. तिसऱ्या हाताने मलाशय मागे उजवीकडे ताणलं होतं. कात्रीचं टोक पुढे सरकताना पांढऱ्या जाळीऐवजी चकाकत्या पिवळ्या चरबीचा वाटाण्याएवढा गोळा वर उचलून आला. याचा अर्थ एकच, आवरण फुटलं आणि आपण मेसोरेक्टममध्ये शिरलो. गाठ त्या जागेपासून जेमतेम दीड सेंमीवर. करंट बंद केला, तिसऱ्या हाताचा ताण सैल केला, दोन सेंमी वर जाऊन जिथे जाळी स्पष्ट होती तिथून नव्याने उतरलं. थर पुन्हा ४ मिमी बाहेरून सापडला. दोष ताणाचा होता. रोबोटला स्पर्श कळत नाही, किती ओढलं जातंय ते डोळ्यांनीच ओळखायचं: ऊती पांढरी पडली, रक्तवाहिन्या रिकाम्या दिसू लागल्या, की ताण जास्त झाला. सरळ दुर्बिणीतही हीच चूक होते. फरक एवढाच की तिथे त्या कोनात परत वळून बाहेरचा थर धरणं जवळजवळ अशक्य असतं. या ऑपरेशनमध्ये रोबोटने आपली किंमत वसूल केली असेल तर ती या सात-आठ मिनिटांत.

बाहेरचा थर घेतानाही हात सुटायला नको. १० आणि २ वाजण्याच्या जागी मूत्राशयाच्या आणि लिंगाच्या नसांचे जुडगे असतात. तिथे करंट न वापरता बारीक क्लिप आणि थंड कात्री. आणखी एक छोटी पण घातक गोष्ट: मोनोपोलर (करंटने कापणाऱ्या) कात्रीवरची रबरी टोपी. तिला चीर असेल तर करंट भलत्याच जागी उतरतो, आतडं जळतं आणि कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर असल्याने कुणाला कळतही नाही. हत्यार बाहेर आलं की स्क्रब सिस्टरने ती टोपी प्रत्येक वेळी बोटात फिरवून पाहायची.

स्फिंक्टरच्या वर १६ मिमीपर्यंत मलाशय मोकळं झालं. क्लॅम्प लावून खालचा भाग एक लिटर सलाइनने धुतला, बोटाने आणि दुर्बिणीने कड पुन्हा पक्की केली, आणि ४५ मिमीचा रोबोटिक स्टेपलर उजव्या पोर्टमधून. दोन फायरमध्ये काम झालं. अरुंद पेल्व्हिसमध्ये सरळ स्टेपलर आडवा बसत नाही, मग तीन-चार तुकड्यांत कापावं लागतं, आणि तीन किंवा जास्त फायर म्हणजे गळतीचा धोका वाढला. दुसरा फायर पहिल्याच्या टोकावर बरोबर आला का हे पाहण्यात दोन मिनिटं घालवणं नंतरचे दोन महिने वाचवतं.

नमुना ओटीपोटावरच्या ६ सेंमीच्या आडव्या छेदातून, जखमेला प्लास्टिकचं कडं लावून बाहेर काढला. वरचं आतडं कापण्याआधी इंडोसायनिन ग्रीन, म्हणजे रक्तपुरवठा दाखवणारं रंगद्रव्य: २५ मिग्रॅची कुपी १० मिली पाण्यात, त्यातले ३ मिली शिरेतून. आयोडीनची अॅलर्जी आधी विचारून घ्यायची. मिनिटाच्या आत आतडं हिरवं झालं, पण नियोजित रेषेच्या वरचे दीड सेंमी काळपट राहिले. साध्या उजेडात तो भाग गुलाबीच दिसत होता. रेषा वर सरकवली. २९ मिमीच्या गोल स्टेपलरने जोड, स्टेपलरने कापलेली दोन्ही कडी पूर्ण, हवेच्या चाचणीत गळती नाही. त्यावर संरक्षक इलिओस्टोमी (लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून लावलेली पिशवी). रेडिएशन घेतलेला, इतका खालचा जोड आणि वर मधुमेह: पिशवी न लावणं हा या रुग्णात धाडसाचा भाग झाला असता.

भूल आणि पोझिशन ४५ मिनिटं, पोर्ट आणि डॉकिंग २२, कन्सोल २०५, नमुना, जोड आणि स्टोमा ४८. एकूण ५ तास २० मिनिटं. रक्तस्राव सुमारे १२० मिली.

पॅथॉलॉजीचा अहवाल: मेसोरेक्टम पूर्ण, पुढच्या डाव्या बाजूला ५ मिमीची उथळ खाच. ती चूक नमुन्यावरही दिसली आणि अहवालात यायलाच हवी. वायपीटी२, म्हणजे उरलेली गाठ स्नायूच्या थरापर्यंतच, १४ लिम्फ गाठींपैकी एकीतही रोग नाही. गोलाकार कड ४ मिमी, खालची कड १५ मिमी मोकळी.

घरी गेल्यावर

पहिल्या दिवशी खुर्चीत बसले, दुसऱ्या दिवशी पेज. तिसऱ्या दिवशी कॅथेटर काढला, पण लघवीनंतर मूत्राशयात २८० मिली शिल्लक होती. कॅथेटर परत घालून लघवी सुटायला मदत करणारं टॅमसुलोसिन सुरू केलं आणि सहाव्या दिवशी कॅथेटरसह घरी पाठवलं. चार दिवसांनी तो काढला तेव्हा लघवी मोकळी झाली. आधीच वाढलेलं प्रोस्टेट असेल तर तिसऱ्या दिवशीची घाई अंगाशी येते. रक्ताच्या गुठळ्या टाळणारं एनॉक्सापॅरिन ४० मिग्रॅ रोज, चार आठवडे.

खरा फटका अकराव्या दिवशी बसला. मे महिना. पाय गळून गेलेले, जीभ कोरडी, सोडियम १२६, मूत्रपिंडावरचा ताण दाखवणारं क्रिएटिनिन २.१. पिशवीतून दिवसाला २.२ लिटर जात होतं. घरच्यांनी मायेने केलेलं सगळं उलटं पडलं होतं. तहान लागते म्हणून साधं पाणी, नारळपाणी, पन्हं. कमी मिठाचं पाणी छोट्या आतड्यात गेलं की शरीरातलंच मीठ आतड्यात खेचलं जातं आणि ते पाण्यासकट पिशवीत उतरतं. जितकं जास्त प्यावं तितकं जास्त जातं. त्यात रक्तदाबाची लोसार्टन आणि डाययुरेटिकची (लघवी वाढवणारी) गोळी आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन चालूच होती. डिस्चार्ज कार्डावर “जुनी औषधं चालू ठेवा” अशी एक ओळ होती. ती चूक रुग्णालयाच्या टीमची, घरच्यांची नाही.

शिरेतून सलाइन, तिन्ही गोळ्या बंद, साखरेसाठी इन्सुलिन. साधं पाणी दिवसाला एक लिटरच्या आत आणि बाकी तहान ओआरएसवर. नेहमीचं एक लिटरचं पाकीट ८०० मिलीत घोळलं की सोडियम लिटरला साधारण ९० मिलीमोलपर्यंत जातं, या अवस्थेत तेवढं लागतं. हे प्रमाण फक्त जास्त वाहणाऱ्या स्टोमासाठी आणि डॉक्टरांनी लिहून दिलं तरच. लोपेरामाइड ४ मिग्रॅ जेवणाआधी अर्धा तास, दिवसातून चारदा. स्टोमा सिस्टरने पत्नीला प्लास्टिकचा मापाचा मग दिला आणि वही आखून दिली. “वहिनी, पिशवी रिकामी करताना आधी मगात, मग भांड्यात. २४ तासांत दीड लिटरच्या वर गेलं तर रात्री असो की पहाटे, फोन करायचा.” काकांना तिने वेगळं बजावलं, “तहान लागली तरी माठाकडे जायचं नाही, काका. बाटलीतलंच.” पाचव्या दिवशी क्रिएटिनिन १.१, पिशवी ९०० मिलीवर. ही वही आणि हा मग पहिल्याच डिस्चार्जला द्यायला हवा होता. आता तो स्टोमाच्या प्रत्येक पिशवी-संचासोबत आधीच दिला जातो, आणि डिस्चार्ज कार्डावर बंद करायच्या गोळ्यांची नावं लिहिली जातात.

अकराव्या आठवड्यात खालून कॉन्ट्रास्ट (एक्स-रेत दिसणारं द्रव) घालून फोटो, बोटाने आणि दुर्बिणीने जोडाची तपासणी. गळती नाही, अरुंदपणा नाही. स्टोमा बंद केला. पुढचे तीन आठवडे त्यांना सर्वांत जड गेले. दिवसात १२ ते १४ वेळा, एकदा सुरू झालं की अर्ध्या तासात चार वेळा, वारा आणि शौच यातला फरक कळेना. मलाशय काढल्यावर येणाऱ्या या त्रासाचा लार्स गुणांक ३४ निघाला. ३० पासून पुढे तो तीव्र धरतात, कमाल ४२. हा त्रास रोबोटने टळत नाही. जोड खाली आणि रेडिएशन झालेलं असेल तर तो बहुतेकांना होतो, हे आधी सांगितलेलं असावं. इसबगोल पाण्यात घट्ट कालवून, रात्री आठनंतर जेवण बंद, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम, आणि दिवसाआड सकाळी कोमट पाण्याने गुदद्वारातून आतडं धुणं. सहा महिन्यांनी गुणांक २५.

लैंगिक कार्याबद्दल त्यांनी स्वतःहून काही विचारलं नाही. तिसऱ्या भेटीत डॉक्टरांनीच, पत्नी बाहेर असताना, विचारलं. ताठरता कमी झाली होती, पण सकाळी येत होती. टॅडालाफिल लहान मात्रेत सुरू केलं. विचारलंच नाही तर पुरुष बोलत नाहीत, आणि उपचाराचे पहिले महिने हातचे जातात.

आता ते लेथवर परत रुजू झाले आहेत, अर्ध्या पाळीवर. वर्कशॉपचं स्वच्छतागृह मशीनपासून चाळीस पावलांवर आहे, म्हणून त्यांनी दारालगतचं मशीन मागून घेतलं. दर तीन महिन्यांनी सीईए आणि बोटाने तपासणी, दर सहा महिन्यांनी छाती-पोटाचा सीटी, आणि शस्त्रक्रियेला वर्ष झालं की कोलोनोस्कोपी.